विरजण घेऊन कोल्हापूरला

पहिल्यांदा व्याह्यांकडे जाताना लोक मिठाई नेतात, फळांची करंडी नेतात, हौस असेल तर विहिणीला साडी नेतात. मी स्टीलच्या बरणीत दही नेलं. हे वाचून कोणी तसं करू नये, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवते.

दही म्हणजे जेवणात वाढायचं दही नव्हे, विरजण. माझ्या लग्नात आईने वाटीभर विरजण माझ्याबरोबर दिलं होतं आणि तेव्हापासून नाशिकच्या आमच्या घरात ते तुटलेलं नाही. कालच्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. गावाला जायचं झालं तर शेजारच्या मालतीताईंकडे एक वाटी ठेवायची आणि आल्यावर चहाच्या आधी ती परत आणायची. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. काही जिवंत ठेवायचं म्हणजे काय करावं लागतं हे मला पगारासाठी माहीत आहे आणि घरी ते मी फुकट करते.

माझा नवरा श्रीधर विद्यापीठात संस्कृती अभ्यास शिकवतो. इंग्रजीत त्याच्या विषयाला आणि माझ्या काचेच्या बशीत वाढणाऱ्या ठिपक्यांना एकच शब्द आहे आणि आम्ही दोघंही तो सर्रास वापरतो. माझं कल्चर रात्रभरात वाढतं, सकाळी मोजता येतं. त्याचं वाढलं की बुडालं हे ठरवायला परिसंवाद भरवावा लागतो आणि तिथेही जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकमत होत नाही. यावरून आमची भांडणं जुनी आहेत, आता त्यांत काही राम उरलेला नाही. बरणी पाहून तो एवढंच म्हणाला, "लग्नाची बोलणी करायला विरजण घेऊन जाणारी तू पहिलीच."

आमची केतकी सम्मेदशी लग्न करणार होती. दोघं पुण्यात एकाच कंपनीत नोकरी करत होते, पण सम्मेदला वडिलांच्या शेतातल्या सेंद्रिय गुळाचा धंदा उभा करायचा होता, म्हणून लग्नानंतर दोघं कोल्हापूरला त्याच्या आईवडिलांजवळ राहणार होते. जैन घर. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही. मला यातल्या कशाचीच हरकत नव्हती. मला फक्त एवढंच हवं होतं की त्या घरात रोज आपल्या घरचं काहीतरी चालू राहावं. दागिने कपाटात राहतात आणि फोटो भिंतीवर. दही मात्र रोज लावावं लागतं. केतकी रोज संध्याकाळी चमचा हातात घेईल तेव्हा तिला माझी आठवण येईल, असा माझा हिशेब होता. तो मी कुणाला सांगितला नव्हता, श्रीधरलाही नाही, कारण त्याने त्यावर पेपर लिहिला असता.

श्रीधरचा हिशेब वेगळा होता. कोल्हापूर म्हटलं की त्याला तांबडा रस्सा दिसतो, नंतर पांढरा. महिनाभर तो त्याबद्दल बोलत होता. आपण कुणाच्या घरी उतरणार आहोत याची मी दर वेळी आठवण करून द्यायची आणि तो दर वेळी नव्याने दुःखी व्हायचा.

बसच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की टॉवेलात गुंडाळलेली बरणी मी मांडीवर घेऊन बसले होते, साताऱ्याच्या अलीकडे मला डुलकी लागली आणि बरणी श्रीधरकडे कलंडली. झाकणातून पाणी झिरपून त्याचा एकुलता एक लोकरी स्वेटर बाहीपासून काखेपर्यंत भिजला. जानेवारीची थंडी होती, त्यामुळे काढताही येईना. व्याह्यांसमोर तो आंबूस वासाचा उतरला. केतकी आणि सम्मेद पुण्याहून आदल्या दिवशीच पोचले होते आणि स्टँडवर घ्यायला आले होते. केतकीने आम्हा दोघांना बाजूला घेतलं. "आई, तिथे काही शिकवू नकोस. बाबा, तुम्ही काही विचारू नका." मग तिने वास घेतला, बाबांकडे पाहिलं आणि गाडीच्या काचा खाली केल्या.

राजारामपुरी

राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत आणि प्रत्येक गल्लीत निदान एक दातांचा दवाखाना आणि एक क्लास आहे. दात आणि गणित या दोन गोष्टींची कोल्हापूरकर फार काळजी घेतात असं माझं मत झालं. सम्मेदचं घर अशाच एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आहे. खालून दिवसभर मुलांचे आवाज येत असतात आणि वर कोणाला ते ऐकू येत नाहीत.

सम्मेदच्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणते. कर्नाटकाची हद्द जवळ, तिकडचा हा शब्द इकडे घरचाच झालेला आहे. हायस्कुलात गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांची शेती पेठ वडगावच्या बाजूला. पहाटे मोटरसायकलवर जातात आणि जेवायला परत येतात. मला सगळ्यात गंमत वाटली ती अक्कांच्या बोलण्याची. आमच्याकडे बाई "मी येते" म्हणते, तिथे बायका "मी येतो" म्हणतात आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पहिला तासभर मी प्रत्येक वेळी दाराकडे बघत होते, कोण पुरुष आला म्हणून.

स्वयंपाकघरातल्या नळाला पांढऱ्या कापडाची पिशवी बांधलेली होती. पाण्यातले जीव गाळले जावेत म्हणून. कापडातून जिवाणू गाळले जात नाहीत, हे मी सांगितलं नाही. केतकी माझ्याकडे बघत होती.

जेवण सुरेख होतं. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, भात, वर तूप, आणि कांद्यालसणाशिवाय इतकी झणझणीत आमटी की श्रीधरच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं की तिखटाचं, ते मी विचारलं नाही. दहीही होतं, घट्ट, चवीला सौम्य. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा मला वाटलं हीच वेळ. मी उठून बरणी आणली आणि अक्कांच्या हातात दिली. सांगितलं की हे माझ्या आईचं विरजण, माझ्या लग्नापासून एकदाही तुटलेलं नाही, आता केतकीच्या हातून इथे चालू राहावं अशी इच्छा आहे.  

अक्कांनी बरणी दोन्ही हातांनी घेतली. "म्हंजे कालच्यातलंच आज, आन् आजच्यातलंच उद्या?"

"कधीच तुटू दिलं नाही," मी म्हणाले.

केतकीला ठसका लागला. सम्मेदने तिला पाणी दिलं. आप्पा मात्र उत्सुक झाले. शेतीत ते रासायनिक काहीच घालत नाहीत, शेणाचं आणि गुळाचं काहीतरी आंबवून घालतात, तेव्हा हा विषय त्यांच्या जवळचा. त्यांनी विचारलं, "जिवाणू असत्यात न्हवं त्यात? किती असतील म्हणायचं?"

शिकवणाऱ्या माणसाला कोणी स्वतःहून प्रश्न विचारला की त्याचं भान सुटतं. केतकीची सूचना त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हती. "एका चमच्यात कोट्यवधी," मी म्हणाले. आणि अभिमानाने पुढे जोडलं, "सगळे जिवंत."

 खालच्या क्लासमध्ये मुलं पाढे म्हणत होती ते प्रथमच वर सगळ्यांना ऐकू आलं. आप्पा ताटाकडे बघत होते, सम्मेद केतकीकडे आणि केतकी पंख्याकडे. श्रीधरने आणखी आमटी मागितली. अक्का बरणी अलगद उचलून आत घेऊन गेल्या, झोपलेलं मूल उचलावं तशी, आणि बाहेर आल्या तेव्हा हात रिकामे होते. मला भात वाढत त्यांनी नाशिकला थंडी किती असते ते विचारलं.

दुपारी केतकीने मला गॅलरीत नेऊन समजावलं. अक्कांनी व्रत घेतलेलं आहे. जुन्या दह्यात जीव वाढत जातात, म्हणून ठरलेल्या काळापलीकडचं दही त्यांना चालत नाही आणि जुन्या दह्याचं विरजणही चालत नाही. त्या रोज तापवलेल्या दुधात वाळक्या लाल मिरचीची देठं टाकून नवं दही लावतात. मधूनमधून नारळाच्या करवंटीचा तुकडा टाकूनही. मिरचीच्या देठांवर काय असतं ते मला माहीत आहे, मुलांकडून प्रयोगशाळेत करून घेतलेलं आहे. करवंटीचं मात्र मला नक्की सांगता येणार नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू दही आणतेयस हे तू मला सांगितलंस का?" ती म्हणाली. "आणि किती आहेत ते सांगायची काय गरज होती, आई? कमीत कमी 'जिवंत' तरी म्हणायचं नव्हतंस."

मी तिला म्हणाले की मेलेले म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. यावर ती आत निघून गेली.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आतच जेवणं आटोपली. ताटं उचलायला मी स्वयंपाकघरात गेले तर घासलेल्या भांड्यांच्या जाळीत माझी बरणी पालथी घातलेली दिसली, लख्ख धुतलेली. झाकण शेजारी.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं हे मला कळत होतं आणि तरी आईने दिलेली वाटी कोणीतरी मोरीत ओतली असं माझ्या मनात येत होतं. मी ताटं ठेवली, बाहेर येऊन बसले आणि अक्कांनी दाखवलेल्या नात्यातल्या लग्नाच्या फोटोंना छान छान म्हणत राहिले. माझी मुलगी या घरात राहायला येईल आणि माझं इथे काही म्हणजे काही नसेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

श्रीधरला जेवून इतक्या लवकर हातावर हात ठेवून बसायची सवय नव्हती. तो फेरफटका मारून येतो म्हणून गेला आणि परत आला तेव्हा आप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तांबडा घेतला का पांढरा?"

श्रीधरने चपला काढून नीट जोडून ठेवल्या. मग म्हणाला, "दोन्ही."

"पाणी तापवून ठिवलंय," आप्पा म्हणाले. "आंगूळ करा आन् मग आत जावा." पेपरचं पान उलटून त्यांनी विचारलं की कोणत्या खानावळीत गेला होता. श्रीधरने नाव सांगितल्यावर ते म्हणाले की त्याच्यापेक्षा पुढच्या चौकातली बरी, असं लोक म्हणतात, त्यांना स्वतःला काही ठाऊक नाही.

वडगावच्या बाजूला

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आम्हाला गाडीतून शेतावर घेऊन गेले. केतकी आणि सम्मेद गुळाच्या डब्यांवर लावायची लेबलं ठरवत घरी थांबले. उसाची तोड चालू होती, रस्त्याला ट्रॅक्टरच्या रांगा आणि हवेत कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड वास. आमच्याकडे द्राक्षांच्या दिवसांत फवारणीचा वास असतो, त्यामुळे मला हा वास चैनीचा वाटला. श्रीधरने खिडकीतून हात बाहेर काढून ऊस मागितला आणि त्याला तो मिळाला. कोल्हापुरात माणूस नाही म्हणत नाही, फार तर आधी ओरडतो.

आप्पांचा ऊस आजूबाजूच्या उसापेक्षा थोडा बुटका, पण पानं काळीभोर हिरवी. कीड मारायचं औषध ते वापरत नाहीत. पूर्वी वापरायचे, पण पंप पाठीवर घेऊन फवारलं की त्या रात्री जेवण जात नसे, म्हणून सोडलं, असं त्यांनी सांगितलं. बांधाला एका आंब्याच्या सावलीत निळा ड्रम, वर गोणपाट. आत जीवामृत. देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ, पाणी आणि बांधावरची मूठभर माती. आप्पा काठीने ते ढवळू लागले, एकाच दिशेने, घाई न करता. मी वाकून वास घेतला. चांगला आंबला होता. पस्तीस मुलांच्या प्रयोगशाळेत इतकं नीट कल्चर मी पाहिलेलं नाही आणि हे मी त्यांना सांगितलं.

"हितं समदी कल्चरच म्हणत्यात," आप्पा म्हणाले. दुकानात तयार बाटल्या मिळतात, शेजारचे तेच सोडतात आणि बांधावरून ओरडून विचारतात की आप्पा, कल्चर सोडलं का. श्रीधरला हे ऐकून भलताच आनंद झाला. आता घरात तीन कल्चर झाली, तो म्हणाला. केतकीने त्याला काही विचारू नका म्हटलं होतं, पण ती घरी होती. त्याने विचारलं की तयार बाटली न आणता बांधावरचीच माती कशाला?

आप्पांनी काठी ड्रमाला टेकवली. या बांधावर कधी औषध पडलेलं नाही, म्हणून ही माती. भाईरचं आणलं तर हितं रुजत न्हाय, असं त्यांचं म्हणणं.

ते मातीबद्दल बोलत होते, मी बरणीबद्दल ऐकत होते. मला राहवलं नाही. "बाहेरचं अजिबातच नाही रुजत?"

त्यांनी थोडा विचार केला. "रुजतं की कवा कवा," ते म्हणाले. "पन मग ते हितलं हुतंय."

एवढं बोलून ते पुन्हा ढवळायला लागले. शेतावरून निघताना त्यांनी आम्हाला हरभऱ्याचे डहाळे दिले आणि श्रीधर ते वडगाव सुटेपर्यंत सोलून खात होता.

मिरचीची देठं

त्या दिवशी दुपारी घरात सगळे आडवे झाले होते. मी पाणी प्यायला आत गेले तर अक्का दही लावत होत्या. दूध कोमट केलेलं, बोट घालून अंदाज घेतला, ताटलीत मूठभर मिरच्या होत्या त्यांची देठं खुडून दुधात टाकली. मी बघत उभी राहिले. त्यांनी मला पाट सरकवला.

झाकण ठेवायच्या आधी त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आमच्या दह्यात बी तेवढंच असत्यात का हो?"

हा प्रश्न येऊ नये म्हणून मी आदल्या दुपारपासून देवाचा धावा करत होते. आता नाही म्हटलं असतं तर एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. बाई खूश, मुलगी खूश. पण या विषयात मी आयुष्यात खोटं शिकवलेलं नाही, आणि समोर गणिताची शिक्षिका होती.

"असतात," मी म्हणाले. "तेवढेच असतात."

"कोटी म्हंजे एकावर सात शून्यं," अक्का म्हणाल्या. "मुलांना शिकवलोय मी. डोळ्याम्होरं काय येत न्हाय." त्यांनी दुधावर झाकण ठेवलं. "असनारच की. हवंत बी असत्यात, म्हणून काय श्वास सोडायचा? जेवढं टळतंय तेवढं टाळायचं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, रागावून नाही, एखाद्या मुलाला बेरीज परत सांगावी तसं. नवं लावलं की जेवढं लागेल तेवढंच. जुनं पुढे नेलं की आपणच वाढवत नेतो. म्हणून रोज नवं. मी ऐकत होते आणि मला जाणवत होतं की मी ज्याचा इतका अभिमान बाळगला, की कधी तुटू दिलं नाही, तीच गोष्ट या बाई रोज मुद्दाम तोडतात आणि त्यांनाही त्याचा तेवढाच अभिमान आहे. दोघींची दह्यं जेवणात सारखीच. माझ्या बरणीचं काय झालं ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी लग्नाचं ठरलं. वैशाखात, साधेपणाने, जेवणं दिवसा. श्रीधरने एकच प्रश्न विचारला, जेवणाच्या यादीबद्दल, आणि उत्तर ऐकून मान हलवली.

निघताना

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पिशव्या भरल्या. अक्का माझी बरणी घेऊन आल्या. जड लागत होती. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, त्या म्हणाल्या. आमच्यातही देत नाहीत. आत त्यांच्या शेतातला गूळ होता, काळसर, हाताने फोडलेला. मी आभार मानले आणि बरणी पिशवीत घातली. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"जरा गॅलरीत येतासा काय?"

गॅलरीत धुणं वाळत होतं. कोपऱ्यात एक पालथं टोपलं, वर दगड. अक्कांनी दगड बाजूला केला आणि टोपलं उचललं. खाली मातीचं गाडगं होतं, तोंडाला पांढरं फडकं. फडकं सोडलं. आत दही होतं.

मी खाली वाकून बघितलं.

"आमाला खायला येत न्हाय," अक्का म्हणाल्या. "टाकायला बी येत न्हाय. तुमीच म्हणाला, सगळी जिवंत हायत. मग काय करायचं?" त्यांनी फडक्याची घडी केली. "पावणं आल्यात म्हटलं, दूध घातलं. दोन सांजा घातलं. लागतंय का न्हाय ठाऊक न्हवतं, म्हणून बोललो न्हाय."

त्यांनी पदराखालून चमचा काढला. "मी चाखलं न्हाय. तुमचंच हाय का बघा."

मी चमचाभर खाल्लं. म्हशीचं दूध, दाट साय, आमच्यापेक्षा आंबटपणा कमी. आमचं नव्हतं. दूध बदललं, भांडं बदललं, हवा बदलली की आतली वस्तीही हळूहळू बदलते, हे मी दर वर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवते. आणि तिथे गॅलरीत उभं राहून मला कळलं की आईच्या घरून आलेली ती वाटी माझ्या घरातही काही महिन्यांतच बदलली असणार. इतकी वर्षं मी ज्याला आईचं म्हणत होते ते माझंच होतं. मला रडू आलं, चमचा हातात धरून. केतकी धावत आली. श्रीधर मागून आला आणि प्रवासाला निघताना तिचं असं होतं, असं सगळ्यांना सांगू लागला. माझं असं कधीही होत नाही.

"आमचं होतं," मी अक्कांना म्हणाले. "आता इथलं झालंय."

त्या घाबरल्या. "बिघडलं व्हय?"

"नाही हो. छान लागलंय."

मग पुढची व्यवस्था तिथेच ठरली. केतकी लग्न करून येईपर्यंत अक्का रोज दिवस मावळायच्या आत दूध घालणार. वाढेल ते आप्पा शेतावर नेऊन ड्रमात ओतणार. तिथं राहतील बिचारी, असं अक्का म्हणाल्या. केतकी माझ्याकडे बघत होती, पण तिला वाटलं तसं काही मी बोलले नाही. ड्रमात त्यांचं काय होईल हे मला कोणी विचारलंही नाही.

नाशिक

घरी पोचल्यावर चहाच्या आधी मी मालतीताईंकडे गेले. वाटी धुऊन पुसून तयार होती. अचानक पाहुणे आले, घरात दुसरं दही नव्हतं, कढी केली, त्या म्हणाल्या. फार सुंदर झाली होती, सगळ्यांनी दोनदा घेतली. माझं दही कढीला उत्तम, हे त्या आता सगळ्यांना सांगणार आहेत.

लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या घरात विरजण नव्हतं. मी बाजारातून लाल मिरच्या आणल्या, कोमट दुधात देठं टाकली. पहिल्या दिवशी पातळ लागलं आणि तार सुटली. श्रीधरने न बोलता खाल्लं, मग बोलत खाल्लं. दुसऱ्या दिवशी जरा बरं. पण जेवताना दोघांनाही काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं आणि हे तो स्वतःहून म्हणाला, एकही अवघड शब्द न वापरता.

म्हणून मी अक्कांना फोन लावला. नुकतंच दूध घालून हात धुतला होता त्यांनी. मी सगळं सांगितलं, कढीसकट, आणि विचारलं की कोणी नाशिककडे येणार असेल तर त्यातलं थोडं परत पाठवता येईल का. आमच्या घरचं दही सध्या फक्त त्यांच्याकडेच आहे.

"पाठवायचं कसलं," अक्का म्हणाल्या. "न्यायला या की."

फोन ठेवायच्या आत श्रीधरने बसची तिकिटं बघायला सुरुवात केली होती. पुढच्या चौकातली खानावळ राहिली आहे, त्याने मला आठवण करून दिली.

गूळ मी डब्यात काढून ठेवला आहे आणि बरणी धुऊन वाळवली आहे. रिकामी न्यायची नाही, तेव्हा तिच्यात काय भरायचं याचा विचार चालू आहे. जिवंत काही नको, असं केतकीने कळवलं आहे.